पालकांचा ग्रुप आहे, तरी निरोप का पोचत नाही? सहावी ते आठवीच्या घरांशी कोरोनाच्या वर्षात ठेवलेला संपर्क

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. नाव दिसत नाही म्हणून सर की मॅडम ते कळत नाही, नुसतं तुम्ही म्हणतो. प्रश्न थोडक्यात असा की तुम्ही नुकतेच शिक्षणसेवक म्हणून जिल्हा परिषदेच्या शाळेत रुजू झालात, सहावी ते आठवी तुमच्याकडे आहे, आणि मुख्याध्यापकांनी सांगितलंय की उद्या परत कोरोनासारखं काही आलं आणि शाळा बंद पडली तर पालकांना माहिती कशी देत राहायची याचा आराखडा करून द्या. तुम्ही विचारलंय की ॲप कोणतं वापरू, ग्रुप किती करू आणि दिवसाला मेसेज किती टाकू.

मी बीड जिल्ह्यात पदवीधर शिक्षक आहे. २०२० च्या जूनमध्ये मुख्याध्यापक पदाचा चार्जही माझ्याकडेच होता, त्यामुळे यातल्या बऱ्याच चुका मी स्वतः करून बसलोय, त्या सांगतो म्हणजे तुमच्या वाचतील.

ॲपचं उत्तर एका ओळीत संपतं, लोकांच्या फोनमध्ये जे आधीपासून आहे तेच वापरा, म्हणजे व्हॉट्सॲप आणि साधा फोन. नवीन काही डाउनलोड करायला लावू नका. पण माझ्या मते तुमचा खरा प्रश्न हा नाहीच. निरोप पाठवल्यावर तो घरात नेमका कुणाच्या हातात पडतो आणि ज्यांच्याकडे पडतच नाही ती घरं आपल्याला सापडणार कशी, हे आधी सोडवायला लागतं. मेसेज किती, ग्रुप किती हे त्यानंतर आपोआप ठरतं.

सहावी ते आठवीचं घर बाकीच्यांपेक्षा वेगळं असतं हे लक्षात घ्या. पहिलीतल्या पोराची आई स्वतः फोन उघडून बघते कारण पोराला वाचताच येत नाही. दहावीचं घर बोर्डाच्या परीक्षेमुळे जागं असतं. मधलं पोर १२-१३ वर्षांचं, घरात स्मार्टफोन सगळ्यात चांगला त्यालाच चालवता येतो, म्हणून घरचे फोन त्याच्याच हातात देतात, आणि आपण "मा. पालक" म्हणून जे लिहितो ते पहिल्यांदा तोच वाचतो. आता "आपल्या पाल्याने तीन दिवस अभ्यास पाठवलेला नाही" हे तो बापाला वाचून दाखवेल का? नाही दाखवणार, आणि त्यात त्याला दोष देण्यासारखंही काही नाही, ते वयच तसं असतं. पण आम्हाला हे समजायला ऑगस्ट उजाडला. तोपर्यंत आम्ही समजत होतो की पालकांना सगळं माहितीय आणि ते लक्ष देत नाहीत, आणि पालक समजत होते की शाळा बंद आहे म्हणजे सर लोक काही कळवत नाहीत.

पहिली मोठी चूक जूनमधलीच. १५ जूनला शैक्षणिक वर्ष सुरू झालं, शाळा बंदच, वरून रोज काही ना काही येत होतं. 'शाळा बंद पण शिक्षण आहे' ची अभ्यासमाला, दीक्षा ॲपच्या लिंका, बालभारतीच्या पीडीएफ, केंद्रप्रमुखांचे निरोप, तालुक्याची पत्रं. मी ते सगळं जसंच्या तसं ग्रुपवर ढकलत होतो. एकेका दिवशी दहा-बारा मेसेज, त्यात "उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की" अशी सुरुवात असलेलं पत्र, त्याचा फोटो पण तिरका काढलेला. त्यावर लोकांचे अंगठे, नमस्कार, गुड मॉर्निंग. पोषण आहाराचा तांदूळ आणि कडधान्य वाटायचा निरोप त्या ढिगाखाली गेला आणि काही घरं आलीच नाहीत. नंतर फोन केला तर एक आई म्हणाली, सर, तुमचा ग्रुप आम्ही आवाज बंद करून ठेवलाय, दिवसभर वाजतो. तिचं बरोबर होतं. ज्या घराला तो तांदूळ सगळ्यात जास्त लागत होता तेच घर राहिलं होतं, याचं मला आजही वाईट वाटतं.

मग आम्ही मागे फिरून वहीपासून सुरुवात केली. हे तुम्ही आजच करू शकता, शाळा चालू असताना, आणि माझ्या दृष्टीने सगळ्या आराखड्यात हेच सगळ्यात महत्त्वाचं आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमच्याकडे पालकांचे नंबर होते, पण कुठले? पोरगं पहिलीत आलं तेव्हा लिहून घेतलेले, सरल या सरकारी पोर्टलवर भरलेले. सहा-सात वर्षांत माणसं चार वेळा सिम बदलतात. त्यात एप्रिल २०२० मध्ये ऊसतोडीला गेलेली माणसं परत आली तेव्हा शाळेच्या खोल्यांमध्येच त्यांना विलगीकरणात ठेवलं होतं, आणि आमचं जनरल रजिस्टर त्याच इमारतीत कपाटात कुलूपबंद. म्हणजे गरज पडली तेव्हा जुने नंबरसुद्धा हाताशी नव्हते. म्हणून पहिली गोष्ट, ही वही शाळेत एक आणि तुमच्या घरी एक.

वहीत रकाने कोणते, तर मुलाचं नाव, फोन कुणाचा आहे (बापाचा, चुलत्याचा, शेजाऱ्याचा, हे स्पष्ट लिहायचं), स्मार्ट की बटनाचा, फोन घरी किती वाजता असतो, घरात वाचून कोण समजून घेतं, आणि फोन लागला नाही तर निरोप कुणाकडे द्यायचा. हा शेवटचा रकाना कधीही रिकामा सोडू नका. किराणा दुकानदार चालेल, पिठाच्या गिरणीवाला चालेल, दूध घालायला जातात त्या डेअरीवरचा माणूस चालेल, पण एक हाडामांसाचं माणूस पाहिजे. कारण त्या काळात लोकांच्या हातात पैसा नव्हता, २८ दिवसांचा रिचार्ज संपला की आधी नेट जायचं आणि मग काही दिवसांनी इनकमिंगही बंद व्हायचं. नंबर बरोबर, माणूस घरात, तरी फोन लागत नाही. आम्ही मग रिचार्ज साधारण कधी संपतो हेही पेन्सिलने लिहायला लागलो.

"फोन घरी किती वाजता असतो" हा रकाना भरला तेव्हा माझेच डोळे उघडले. बहुतेक घरी फोन बापासोबत शेतात किंवा कामावर आणि परत येतो सात-साडेसातला. आणि आम्ही निरोप टाकत होतो सकाळी अकराला, आमच्या सोयीने.

तिथून ठरवलं की आठवड्याला एकच मुख्य निरोप, शनिवारी संध्याकाळी साडेसातला. ग्रुपची सेटिंग बदलून फक्त ॲडमिनलाच लिहिता येईल अशी केली. मध्ये ब्रॉडकास्ट लिस्ट करून बघितली होती पण ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना तो मेसेज जातच नाही, आणि कुणाला गेला नाही हे आपल्याला धड कळतही नाही, म्हणून सोडली. अभ्यासाचा ग्रुप पूर्ण वेगळा केला, तो मुलांचा, त्यात लिंका, फोटो, शंका सगळं चालायचं. पालकांच्या ग्रुपवर अभ्यासाचं काही टाकायचं नाही आणि मुलांच्या ग्रुपवर तांदळाचं काही टाकायचं नाही हा नियम आम्ही शेवटपर्यंत पाळला.

निरोप कसा असायचा त्याचा नमुना देतो, जवळजवळ जसाच्या तसा आठवतोय : "शनिवार, ५ सप्टेंबर. सहावी, सातवी, आठवीच्या सगळ्या घरांसाठी. शाळा अजून बंद आहे, कधी उघडणार ते ठरलेलं नाही. पोषण आहाराचा तांदूळ आणि डाळ घेऊन जा. सहावी सोमवारी, सातवी मंगळवारी, आठवी बुधवारी, सकाळी ९ ते १२. घरातल्या मोठ्या माणसाने यायचं, मुलाला पाठवू नका. पिशवी आणा, मास्क लावून या. जमत नसेल तर रोज संध्याकाळी ७ ते ८ मध्ये मला फोन करा." संपलं. तारीख पहिल्या ओळीत यासाठी की जुने मेसेज फिरत राहतात, आणि महिन्यापूर्वीचा निरोप वाचून कुणीतरी भर पावसात पिशवी घेऊन शाळेच्या गेटवर येऊन उभं राहतं, हे आमच्याकडे झालंय.

हाच निरोप मी माझ्या आवाजात रेकॉर्ड करून सोबत टाकायचो, एक मिनिटाच्या आत. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी म्हणून केलं होतं, पण नंतर कळलं की वाचणारेसुद्धा आवाजच ऐकतात, कारण जेवताना फोन मध्ये ठेवून सगळं घर मिळून ऐकता येतं. आणि मग पोराला निरोप दाबून ठेवायला जागाच राहत नाही. आमच्या दोन तांड्यांवरची मुलं आहेत, तिथे आजी लोकांना मराठीपेक्षा गोरमाटी (बंजारा बोली) बरी कळते, तर आमच्या एका माजी विद्यार्थिनीने तोच निरोप गोरमाटीत बोलून द्यायला सुरुवात केली. त्या आठवड्यापासून तांड्यावरून आहार न्यायला जवळजवळ सगळी घरं यायला लागली. बटनाच्या फोनवाल्यांना आम्ही तीन शिक्षक वाटून घेऊन शनिवारी-रविवारी फोन करायचो. आणि गिरणी, डेअरी, किराणा दुकान इथे मोठ्या अक्षरात कागद लावायचो. २० जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर टिलीमिली मालिका सुरू झाली, पहिली ते आठवीसाठी, त्याच्या वेळा तर त्या कागदांमुळेच पोचल्या, कारण फोन नाही पण टीव्ही आहे अशी घरं बरीच होती.

काही नवीन नसलं तरी शनिवारचा निरोप जायलाच पाहिजे. "या आठवड्यात काही बदल नाही" एवढाच असला तरी. आमच्या एका सहकाऱ्याला हे पटत नव्हतं, त्यांचं म्हणणं काही नाही तर कशाला लिहायचं. एकदा आम्ही खरंच दोन शनिवार टाकला नाही आणि गावात उठलं की आमची शाळा कायमची बंद होऊन शेजारच्या गावात जोडणार. रिकाम्या जागेत अफवा भरते, हे तेव्हा बघितलं.

याच्याशीच जोडलेली गोष्ट म्हणजे टीव्हीवरची बातमी. त्या दोन वर्षांत राज्याने एक जाहीर करायचं आणि प्रत्यक्ष निर्णय जिल्हा प्रशासनाने स्थानिक परिस्थिती बघून घ्यायचा, असं कितीदा झालं. सगळ्यात पंचाईत ऑगस्ट २०२१ मध्ये झाली. १७ ऑगस्टपासून शाळा उघडणार असा शासन निर्णय आला, दिवसभर बातम्या, पोरं दप्तरं काढून बसली, आणि एक-दोन दिवसांतच राज्याच्या कोविड टास्क फोर्सच्या आक्षेपामुळे त्याला स्थगिती मिळाली. प्रत्यक्षात ग्रामीण भागात पाचवी ते बारावी सुरू झाली ४ ऑक्टोबरला. पण तोपर्यंत आमची सवय बसली होती, बातमी आली त्याच संध्याकाळी निरोप गेला होता की "टीव्हीवर आलंय ते राज्याचं आहे, आपल्या शाळेला अजून पत्र नाही, पत्र येईपर्यंत मुलांना पाठवू नका, शनिवारी परत सांगतो". एकाही घराने नंतर तक्रार केली नाही. आपल्याला माहीत नाही हे सांगायला शिक्षकाला फार जड जातं, मलाही जायचं, पण "माहीत नाही" च्या पुढे "पुढचं अमुक वारी सांगतो" हे जोडलं की लोकांना ते चालतं, उलट भरवसा बसतो.

आता संमतीपत्राचं सांगतो, कारण पुढच्या वेळीही हे येणारच. पाचवी ते आठवीचे वर्ग २७ जानेवारी २०२१ ला सुरू झाले आणि त्याआधी पालकांचं लेखी संमतीपत्र लागत होतं. आम्ही छापील नमुना मुलांबरोबर घरी पाठवला, पहिल्या चार दिवसांत निम्मेसुद्धा परत आले नाहीत. मग मी स्वतः घरोघरी गेलो. एका घरी सातवीतल्या मुलाची आई कापूस वेचून नुकतीच आली होती, तिने हात पुसून कागद घेतला, अक्षर अक्षर लावून पूर्ण वाचला आणि मला म्हणाली, "सर, सही करते. पण पोराला वर्गात ताप आला तर तुम्ही काय करणार ते यात कुठंच नाही. मी दिवसभर रानात, फोन ह्यांच्याकडं. आणि उद्या काही झालं तर हाच कागद दाखवून म्हणणार का, की तुम्हीच सही केली होती?"

मी तिथे उत्तर देऊ शकलो नाही. शाळेत येऊन परत ते पत्र वाचलं तर खरंच, सगळी वाक्यं पालकाने काय करायचं याची, शाळा काय करणार याचं एकही नाही. त्या रात्री आम्ही दुसरा कागद लिहिला, अर्ध्या पानाचा. ताप दिसला तर मुलाला वेगळ्या खोलीत बसवू, एक शिक्षक त्याच्याजवळ थांबेल, आशाताईंना बोलावू, वहीत जे नाव आहे त्या माणसाकडून तुम्हाला निरोप देऊ, प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यायची वेळ आली तर आमच्यातला एक जण सोबत येईल आणि तुम्ही पोचेपर्यंत हलणार नाही. खाली माझी सही, तारीख. म्हणजे त्यांनी आमच्यासाठी एक सही करायची आणि आम्ही त्यांच्यासाठी एक. आठवड्याभरात जवळजवळ सगळी संमतीपत्रं आली. ज्यांनी दिली नाहीत त्यांना आम्ही परत विचारलंही नाही, त्यांच्या घरी म्हातारी माणसं होती, त्यांची मुलं घरून शिकली.

आजारपणाची माहिती देताना मात्र फार जपा. पहिल्या लाटेत एखाद्या घरी पॉझिटिव्ह निघालं की लोक त्या घराला हापशावर पाणी भरू द्यायचे नाहीत. ग्रुपवर मुलाचं किंवा घराचं नाव कधीही येता कामा नये, "बरं होवो" म्हणूनसुद्धा नाही. आम्ही असं करायचो की ज्यांचा खरंच संपर्क आला त्या घरांना एकेकाला फोन, आणि ग्रुपवर फक्त एवढंच की सातवीचा वर्ग अमुक दिवस बंद राहील, ज्यांना काळजी घ्यायची गरज आहे त्यांना आम्ही स्वतः फोन केलाय, तुम्हाला फोन आला नसेल तर तुम्हाला वेगळं काही करायचं नाही. हे शेवटचं वाक्य लिहिलं नाही तर ५० फोन येतात. दुसऱ्या लाटेत तर घरातली माणसंच गेली. दोन्ही पालक गमावलेल्या मुलांसाठी राज्याची ५ लाखांची मुदत ठेव, पीएम केअर्स फॉर चिल्ड्रन, एक पालक गेलेल्यांनाही लागू होणारी बाल संगोपन योजना, हे सगळं होतं, पण असा निरोप मेसेजने द्यायचा नसतो. घरी जायचं, बसायचं, पहिल्या भेटीत कागदपत्रांचा विषयही काढायचा नाही.

मोठ्या मुलींबद्दल मला तुम्हाला आवर्जून सांगायचंय. सहावी-सातवीपर्यंत फोनवर बोलणारी मुलगी अचानक बोलायची थांबली, घरचा फोन लागत नाही किंवा "मामाकडं गेलीय" असं दोनदा ऐकलं, तर ते नेटवर्कचं समजून सोडून देऊ नका. आमचा नियम होता की लागोपाठ दोन शनिवार ज्या घराकडून काहीच उत्तर नाही तिथे तिसऱ्या शनिवारच्या आत कुणीतरी प्रत्यक्ष जायचं. आठवीतल्या एका मुलीच्या घरी असंच गेलो, सोबत आशाताई आणि अंगणवाडी सेविका होत्या, तर लग्नाची बोलणी चाललेली. शाळा बंद, बापाचं काम बंद, थोडक्यात आटपेल असा त्यांचा हिशोब. ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) हे गावपातळीवर बालविवाह प्रतिबंध अधिकारी असतात, त्यांना घेऊन परत गेलो, दोन-तीन बैठका झाल्या, लग्न थांबलं आणि ती मुलगी २७ जानेवारीला वर्गात पहिल्या बाकावर बसली होती. ओळख पटेल असं याहून जास्त लिहीत नाही. १०९८ हा मुलांच्या मदतीसाठीच्या चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. माझ्या मते संपर्काच्या वहीचं सगळ्यात मोठं काम हेच आहे, कोण बोलत नाहीये ते तिच्यात दिसतं.

आता हे सगळं जागेवर अवलंबून आहे हे मान्य करतो. पुण्या-मुंबईच्या शाळेत प्रत्येक घरात दोन-दोन स्मार्टफोन असतील तर तिथे अडचण उलटी, माहिती जास्त होते, प्रत्येक विषयाचे शिक्षक वेगळा ग्रुप काढतात आणि आई-बाप ऑफिसच्या कामात तीन-तीन ग्रुप चाळत बसतात. तिथे मी एवढंच म्हणेन की वर्गशिक्षकाकडूनच सगळं एकत्र जाऊ द्या. मुंबईत तर पहिली ते सातवी १५ डिसेंबर २०२१ पर्यंत बंद होती, एवढ्या लांब पल्ल्याला दिवसाला दहा मेसेजचा वेग कुणालाच झेपत नाही. तुमचं गाव कसं आहे ते मला माहीत नाही, नेटवर्कच नसलेला डोंगरी भाग असेल तर कागद, दवंडी आणि मंदिराचा भोंगा यांच्यावरच भर द्यावा लागेल.

ऊसतोडीचं गाव असेल तर आणखी एक रकाना वाढवा, मुकादमाचा (म्हणजे मजुरांची टोळी घेऊन जाणाऱ्याचा) नंबर आणि टोळी कोणत्या कारखान्यावर जाणार ते. दसऱ्यानंतर माणसं निघतात ती गुढीपाडव्याच्या आसपास येतात, तिकडे फडात फोन चार्ज करायची सोय नसते, पण मुकादमाचा फोन कायम चालू असतो. निघायच्या आधी पोरगं सोबत नेणार की आजीकडे ठेवणार एवढं विचारून घ्या, आणि हे विचारताना हातात वही धरून चौकशी करतोय असं वाटू देऊ नका.

स्वतःकडेही बघा. आम्हाला त्या काळात चेकपोस्टची ड्युटी होती, सप्टेंबरपासून 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' चं घरोघरी सर्वेक्षण होतं, त्यात रात्री अकराला फोन यायचे. म्हणून ७ ते ८ ची वेळ ठरवली आणि ती काटेकोर पाळली, त्या तासात फोन उचलायचाच, कितीही कंटाळा असो. लोकांना एकदा खात्री पटली की या तासात सर सापडतात, मग अवेळी फोन आपोआप कमी झाले.

तर तुम्ही आधी वही करा, सगळे रकाने एका बैठकीत भरणार नाहीत, पालकसभेत निम्मे आणि उरलेले घरी जाऊन. शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत ती दाखवा, सदस्यांना अर्ध्या गावाचे नंबर तोंडपाठ असतात. आणि आराखड्यात जो नमुना निरोप घालणार असाल तो मुख्याध्यापकांना देण्याआधी तुमच्या वर्गातल्या एखाद्या मुलाच्या आजीला मोठ्याने वाचून दाखवा. वाचून झालं की तिला विचारा, आजी, आता तुम्ही काय करणार? ती जे सांगेल ते तुम्हाला अपेक्षित असलेलंच असेल तर निरोप ठेवा, नसेल तर परत लिहा. मला पहिला निरोप चार वेळा लिहावा लागला होता.